मदत हवी आहे: माळरान आणि पाझर तलावाला कायद्याचं संरक्षण कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला राहतो. गावातल्या पाच-सहा जणांचा गट आहे. गायरानाच्या माळावरून उतरणारं पाणी खालच्या पाझर तलावात येतं. त्याच माळावर धाविक पक्षी आणि टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, थंडीत भोवत्ये (शिकारी पक्षी) गवतात रात्रीला उतरतात.

अडचण दुहेरी आहे. रात्री जेसीबी लावून मुरूम उचलला जातो. चर थेट ओढ्याच्या काठापर्यंत आलाय. दुसरीकडे काही भल्या माणसांना तिथे 'ओसाड' जागा म्हणून ग्लिरिसिडिया लावायचाय! गवताळ माळाला झाडं नकोत, हे पटवताना जीव मेटाकुटीला येतो.

२०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत, त्यामुळे तो रस्ता बंद दिसतो. मग २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली 'जैवविविधता वारसा स्थळा'चा प्रस्ताव गायरानासाठी कुणी केलाय का? ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना असेल तर कृपया द्या. आणि लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या वहीत) पक्ष्यांच्या नोंदी आधी करून घ्याव्यात, की ठरावानंतर चालेल?