चार जाड्यांची टीम आणि मोकळा गोल

निन्टेन्डोच्या १९८८ च्या 'आइस हॉकी' या व्हिडिओ गेममध्ये बारक्या, मधला आणि जाडा अशा तीन प्रकारांतून टीमचे चार खेळाडू निवडायचे असतात. त्याबद्दल "चारही खेळाडू जाडेच घ्या, कोणी पाडू शकत नाही" असं वर एकाने म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. जाड्याचा फटका जबरदस्त असतो आणि धक्क्याने तो सहजी हलत नाही हे खरं. पण फेस-ऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना दोघांच्या मध्ये पक (खेळायची चकती) टाकतात तेव्हा, तो बारक्याच उचलतो, आणि एकदा पक हातचा गेला की जाडा परत मागे येईपर्यंत समोरचा आपल्या गोलसमोर पोचलेला असतो. मी वर्षानुवर्षं एक बारक्या, दोन मधले आणि एक जाडा अशीच टीम घेत आलोय. देश मात्र बिनधास्त आवडीचा घ्या. पोलंड काय नि सोव्हिएत युनियन काय, फरक फक्त जर्सीच्या रंगाचा.

आणखी एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाही, ती म्हणजे गोलकीपर. वर-खालीचं बटण दाबलं की आपल्या खेळाडूबरोबर तोही सरकतो. धाकटा भाऊ नेमकं हेच हेरायचा. मी खालच्या कोपऱ्यात पकमागे धावत असलो की माझा गोलकीपर खालच्या खांबाला चिकटलेला, आणि वरची बाजू सताड उघडी! भाऊ लांबूनच बटण दाबून धरायचा आणि जाड्याकडून सणसणीत फटका मारायचा. त्यामुळे पक गेला रे गेला की आधी नजर गोलकीपरवर टाका, त्याला मधोमध आणा, मगच पकमागे लागा. माझे निम्मे गोल तरी तेवढ्यानेच वाचायला लागले.