उतरते वजन, आवळलेली शिवण आणि मोजका खर्च : आपापले अनुभव लिहा

गेल्या वर्षी जूनमध्ये माझे वजन ८९ किलो होते, या जूनमध्ये ते ७० किलोवर आले आहे. आहार आणि व्यायाम यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, तेव्हा तो विषय इथे नको. मला विचारायचे आहे ते कपाटाविषयी. एकोणीस किलो काही एका रात्रीत उतरत नाहीत. मधले बारा महिने रोज सकाळी काहीतरी नेसून किंवा घालून बाहेर पडावेच लागते, आणि दर दोन महिन्यांनी नवे कपडे घेण्याइतका माझा पगार नाही.

सुरुवातीला मी ठरवले होते की मनातले वजन गाठेपर्यंत एकही नवा कपडा घ्यायचा नाही. हा निश्चय तेव्हा मोठा शहाणपणाचा वाटला होता. चौथ्या महिन्यात मात्र शाळेतल्या तीन सहकारी शिक्षिकांनी वेगवेगळ्या दिवशी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, ‘तुम्हाला बरं नाही का?’ असे विचारले. अकरा किलो उतरले होते, जिना चढताना दम लागेनासा झाला होता, आणि तरीही खांद्यावरून ओघळणाऱ्या, काखेत फुगा धरणाऱ्या डबल एक्सएल कुर्त्यामुळे मी दुखण्यातून उठल्यासारखी दिसत होते. त्या संध्याकाळी मी निश्चय मोडला आणि वहीत हिशोब लिहायला घेतला. तेव्हापासून आजपर्यंत अकरा कपडे बाजूने आवळून घेतले त्याचे ७७० रुपये, तुळशीबागेतून घेतलेल्या दोन अंगरखा पद्धतीच्या कुर्त्यांचे १,५००, नाडीच्या दोन सुती पँटचे ८००, अंतर्वस्त्रांचे १,१०० आणि एका नव्या ब्लाउजच्या शिलाईचे ६५०, असे एकूण ४,८२० रुपये लागले. यातले सर्वांत चांगले गुंतलेले पैसे अंगरख्यांचे. बाजूला नाडी बांधायची असल्यामुळे ७८ किलोला घेतलेला कुर्ता ७० किलोलाही नीट बसतो, फक्त गाठ दोन इंच पुढे सरकते.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा. फसलेले प्रयोगही लिहा. शिवणकाम जाणणाऱ्यांनी कृपया आधी लिहावे.

नाशिक, घरी शिवणकाम

बावीस वर्षे मी बायकांचे ब्लाउज आणि ड्रेस शिवते, त्यामुळे माझा अनुभव टेबलाच्या पलीकडचा आहे. वजन उतरलेली गिऱ्हाईक आनंदात येते आणि पहिले वाक्य हेच असते की जास्तीचे कापड कापून टाका, आता मी पुन्हा जाड होणार नाही. मी कापत नाही. आत टीप घालते, माया, म्हणजे शिवणीपलीकडचे आतले जास्तीचे कापड, तशीच ठेवते आणि टाके जरा मोठे घेते, म्हणजे पुढे उसवायची वेळ आली तर कापड ओरबाडले जात नाही.

थोडे गणित समजून घेतले तर पैसे वाचतात. दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच आत घेतल्या की पुढचा आणि मागचा भाग मिळून घेरात दोन इंच कमी होतात, आणि तयार कुर्त्यांमध्ये एल आणि एक्सएल यांच्या छातीत साधारण तेवढाच फरक असतो. म्हणजे एक नंबर खाली उतरायला सरळ दोन टिपा पुरतात आणि हे काम पंधरा मिनिटांचे आहे. दोन नंबरांपर्यंत असे चालते. त्यापुढे छातीचे टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेल्या शिवलेल्या चुण्या, जागा सोडतात, बाजूचे कट मागे-पुढे ओढले जातात आणि गळा अंगापेक्षा मोठा दिसू लागतो. खांदा उतरला असेल तर गोष्टच वेगळी, कारण मग बाही उसवायची, खांदा आत घ्यायचा, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, पुन्हा आखायचा आणि बाही नव्याने बसवायची, एवढी सगळी मेहनत करावी लागते आणि तिची मजुरी अर्ध्या नव्या कुर्त्याएवढी होते. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते की आरशासमोर आधी खांद्याची शिवण पाहा. ती दंडावर आली असेल आणि कपडा रोजचा असेल तर त्यावर खर्च करू नका, घरात वापरा. कापड भारी असेल तरच खांद्याला हात लावावा.

नवा ब्लाउज शिवायला टाकताना ‘अजून पाच किलो उतरणार आहेत, त्या मापाने शिवा’ असे कृपया कोणी सांगू नये. तो ब्लाउज ना आज घालता येतो ना पुढे बसतो, कारण वजन छातीचे उतरेल की दंडाचे की पाठीचे, हे शिवणाऱ्या बाईला कुठून कळणार? आजच्या मापाचा शिवा. आवळणे केव्हाही सोपे असते. सैल करताना मात्र जुन्या टिपेची भोके बाहेरच्या बाजूला येतात आणि रेशमावर ती झाकत नाहीत. पाठीवर एक डोरी मात्र आवर्जून लावून घ्या. दोन-चार किलो उतरले की ब्लाउजचा गळा खांद्यावरून घसरू लागतो, त्यावर डोरीइतका स्वस्त उपाय नाही.

आणखी एक विनंती. आवळायचे कपडे गणपतीच्या आधी आणून द्या. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे नव्या शिलाईचा ढीग असतो, तेव्हा जुन्या कपड्याला कोणीही मनापासून हात लावत नाही. मीसुद्धा नाही.

नागपूर, बँकेत नोकरी

पुरुषांच्या बाजूने लिहितो. माझी कंबर दीड वर्षात ४० वरून ३४ वर आली. पहिले चार महिने मी पट्ट्यावर काढले. मोच्याकडून त्याला एकामागून एक तीन भोके पाडून घेतली, आणि पट्ट्याचे टोक मागच्या खिशापर्यंत पोहोचले तेव्हा पत्नीने तो पट्टाच लपवून ठेवला. पट्ट्याने पँट पडत नाही एवढेच, तिला समोर ज्या चुण्या पडतात त्या काउंटरच्या पलीकडून सर्वांना दिसतात.

टेलरने समजावले ते असे की पँटच्या मागच्या मधल्या शिवणीतून कंबर दोन इंच सहज कमी होते. त्याहून जास्त आवळली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ येतात आणि पँट उसनी आणल्यासारखी दिसते. चार इंचांसाठी पट्टी काढून, बाजूच्या शिवणी उघडून सगळी पँट पुन्हा बांधावी लागते. माझ्याकडे सात पँट होत्या. त्यांपैकी दोन निवडल्या, एक काळी आणि एक करडी, आणि त्या प्रत्येकी दोनदा आवळल्या. उरलेल्या पाच तशाच बाजूला ठेवल्या. आठवडाभर दोनच पँट आलटून पालटून घातल्या हे कार्यालयात कोणाच्याही लक्षात आले नाही. शर्ट मात्र लक्षात येतो. ४४ नंबरच्या शर्टाचे वरचे बटण लावल्यावर आत चार बोटे शिरू लागली, आणि कॉलरला टेलरकडेही इलाज नव्हता. शेवटी सीताबर्डीवर तीन फिकट शर्ट घेतले, सहा महिन्यांनी आणखी तीन. माझ्या एकूण खर्चाचा मोठा भाग शर्टांचाच आहे आणि तो टाळता आला असता असे मला वाटत नाही.

सांगली

मी उत्साहाच्या भरात सगळे जुने ड्रेस बोहारणीला दिले आणि एक स्टीलचे पातेले व दोन डबे घेतले. सतरा ड्रेस होते. पुढे तीन आठवडे माझ्याकडे बाहेर जायला नेमके दोन कुर्ते उरले होते, आणि त्यांपैकी एक बहिणीचा होता. पातेले चांगले आहे.

ठाणे

थोड्या संकोचाने लिहिते, पण लिहायला हवे असे वाटते. मी वर्षभर कुर्ते आवळत राहिले आणि तरीही ते नीट बसेनात, कारण आतले मापच चुकीचे होते. वजन उतरताना पाठीचा घेर कमी होतो आणि ब्रा मागून वर चढू लागते, मग वरून कितीही चांगला कुर्ता घातला तरी समोरची घडी बिघडतेच. दुकानातल्या ताईंनी सांगितले की नवी घेताना ती सर्वांत बाहेरच्या हुकवर व्यवस्थित बसेल अशी घ्यावी, म्हणजे घेर उतरेल तसे आतल्या हुकांवर सरकता येते. हुकांच्या तीन जागा म्हणजे तीन-चार महिन्यांची सोय. एकावेळी दोनच घेतल्या. त्यानंतर ज्या कुर्त्यांना मी निरुपयोगी ठरवले होते त्यांतले चार पुन्हा वापरात आले, एकही टीप न घालता.

लेस्टर, इंग्लंड

इथे शिलाई इतकी महाग आहे की एखादा झगा आवळून घेण्याच्या पैशांत चॅरिटी शॉपमधून दोन येतात. म्हणून मी वेगळी वाट धरली. २० नंबरपासून १४ नंबरपर्यंतच्या प्रवासात मधल्या १८ आणि १६ या मापांसाठी एकही गोष्ट नवी घेतली नाही. वापरलेली घेतली, तीन-चार महिने घातली आणि धुऊन, इस्त्री करून त्याच दुकानात परत दान केली. अडचण आली ती हिवाळी कोटाची. सैल कोट नुसता वाईट दिसत नाही, त्यात वारा शिरतो आणि थंडी वाजते, आणि पातळ अंगाला ती जास्तच वाजते हे मला नव्याने कळले. बारा पौंडांना एक जुना लोकरी कोट मिळाला, त्याने एक हिवाळा निभावला. तयार कपड्यांवरच्या नंबरांवर मात्र विश्वास ठेवू नये, प्रत्येक दुकानाचा १६ वेगळा असतो. मी पर्समध्ये शिवणाची टेप ठेवते आणि छाती, कंबर, खांदा हे तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवले आहेत.

सोलापूर, वय ६४

तुम्हा सर्वांचे वाचून मला आमच्या साडीचे फार कौतुक वाटले. साडेपाच मीटर कापड ७६ किलोच्या बाईलाही पुरते आणि ६१ किलोच्या बाईलाही, फक्त पूर्वी माझ्या पाच निऱ्या यायच्या, आता सात येतात. परकराला नाडी आहे, त्यामुळे तिथेही प्रश्न नाही. खर्च काय तो ब्लाउजचा, आणि त्यावर मी असे केले की वेगवेगळ्या रंगांचे बारा ब्लाउज आवळत बसण्याऐवजी काळा, मोतिया आणि मरून असे तीनच नवे शिवून घेतले. कपाटातल्या चाळीसेक साड्यांपैकी तीस तरी या तीन रंगांवर जातात. इरकलीवर पूर्वी मी ठरलेल्या रंगाचाच ब्लाउज घालत असे, आता मोतिया घालते आणि सुना म्हणतात की तोच अधिक शोभतो.

ज्या गोष्टीचा कोणी उल्लेख केला नाही ती म्हणजे हातातले दागिने. मी २-८ च्या बांगड्या घालत असे, त्या आता भांडी घासताना कोपरापर्यंत वर जातात आणि हात खाली केला की निसटतात. काचेच्या २-६ च्या बांगड्या घेतल्या, त्या स्वस्तच आहेत. सोन्याच्या पाटल्या मात्र मोडून करायची घाई केलेली नाही. एक वर्ष वजन असेच राहिले तर पाहू.

डोंबिवली

मी थोडा विरोधी सूर लावते. दोन वर्षांपूर्वी १४ किलो उतरवल्यावर मी आषाढातल्या सेलमध्ये बारा हजारांचे कपडे घेतले, सगळे अंगाबरोबर बसणारे, आणि जुने वाटून टाकले. नंतर सासूबाईंचे आजारपण, रात्रीची जागरणे, बाहेरचे खाणे, असे करत करत सहा किलो परत आले. बारा हजारांतले नऊ हजारांचे कपडे आज पेटीत आहेत. तयार कपड्यांच्या शिवणीत माया अशी नसतेच, ओव्हरलॉक करून पाव इंचावर कापड संपते, त्यामुळे ते सैल करायला जागा नाही. नाशिकच्या ताईंचे ‘मी कापत नाही’ हे वाक्य मी तेव्हा ऐकले असते तर बरे झाले असते. आता मी कुर्त्याचे कापड दादरच्या हिंदमाता मार्केटमधून घेऊन शिवून घेते आणि बाजूला दीड इंच माया मागून घेते. शिलाईसकट ते सेलपेक्षा थोडे महाग पडते, पण दोन्ही दिशांनी चालते.

कोल्हापूर, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझ्याकडे खर्च करायला पैसेच नसतात, म्हणून माझा उपाय साधा आहे. सैल झालेल्या कुर्त्यांवर बिनबाह्यांचे जाकीट घालते. दादाचे जुने खादीचे होते, ते आईने बाजूने आवळले आणि लांबी कमी केली. जाकिटामुळे आतला ढगळपणा झाकतो आणि खांदा जाकिटाचा दिसतो, कुर्त्याचा नाही. एक प्रश्न आहे. खणाच्या कापडाचा एक फ्रॉक बारावीत असताना शिवला होता, तो आता दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच सैल होतो. तो आवळता येईल का?

नाशिक, घरी शिवणकाम

कोल्हापूरच्या मुलीसाठी : येईल, पण बाजूने नको. खणाची नक्षी लहान आणि ओळीत असते, बाजूने एवढे आत घेतले तर ओळी तिरक्या दिसतात आणि काठ असेल तर तो मोडतो. मागे मधोमध उघडून तिथे बटणपट्टी बसवून घे आणि दोन्हीकडचे कापड त्या पट्टीत आत घडी करून ठेव, कापू नकोस. घेर तरीही जास्त वाटला तर कमरेच्या शिवणीत मागे दोन चुण्या घालायला सांग. खांदा कसा आहे ते कळवशील का? दंडावर येत असेल तर फ्रॉकचा नाद सोड आणि त्याचा परकर कर.