एस्पिरितो सांतो समूहाचे दुखणे

पोर्तुगालच्या कर्जसंकटामुळेच बँको एस्पिरितो सांतो ही तिथली मोठी खासगी बँक बुडाली, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. १९७५ साली बँकेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर परदेशी गेलेल्या एस्पिरितो सांतो या मालक घराण्याने लक्झेंबर्गमधून आपला उद्योगसमूह पुन्हा उभारला आणि १९९१ मध्ये बँकही परत मिळवली. खरे दुखणे मात्र बँकेच्या वरच्या, म्हणजे तिची मालकी असलेल्या समूहाच्या कंपन्यांत होते, कारण त्यांची देणी हिशेबात दडवली जात असताना त्यांचेच कर्जरोखे बँकेच्या शाखांतून सामान्य ग्राहकांना विकले जात होते. पोर्तुगाल टेलिकॉमसारख्या कंपनीनेही (हे मला आजही नवलाचे वाटते) समूहातील रियोफोर्ते या कंपनीमध्ये सुमारे ९० कोटी युरो अडकवले. २०१४ च्या पहिल्या सहामाहीत बँकेला सुमारे ३.६ अब्ज युरोंचा तोटा झाला आणि ३ ऑगस्टला मध्यवर्ती बँकेने तिचा धडधाकट भाग ‘नोव्हो बांको’ या नव्या बँकेकडे सोपवला, जुने भागधारक बुडीत मालमत्तेसह जुन्या बँकेतच मागे राहिले.