मदत हवी आहे : भाच्याने अमेरिकेत थांबावे की परतावे?
माझा भाचा 2011 मध्ये, चार वर्षांचा असताना, ताई-भावजींबरोबर न्यू जर्सीला गेला आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही ते तिथेच राहिले. 15 जून 2007 नंतर आल्यामुळे त्याला 'डाका'चे (लहानपणी अमेरिकेत आणलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरते वाचवणारी योजना) संरक्षण नाही, आणि 2001 पासून पुन्हा पुन्हा मांडले गेलेले, अशा मुलांना कायदेशीर वास्तव्याचा मार्ग देऊ पाहणारे ड्रीम विधेयक अजून कायदा झालेले नाही. अठरा पूर्ण होऊन त्याला चार महिने झाले. अठरा पूर्ण झाल्यापासूनच मोजले जाणारे बेकायदा वास्तव्य 180 दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडल्यास तीन वर्षे, आणि वर्षभर झाल्यास दहा वर्षे पुनर्प्रवेशाची बंदी लागते. म्हणजे हाती जेमतेम दोन महिने आहेत. परवा फोनवर त्याने विचारले, "मामा, पुण्यात मला कोण ओळखतं?" मला उत्तर देता आले नाही. अशा वेळी परतलेल्यांनी इथे महाविद्यालयीन प्रवेश कसा मिळवला, आणि पुढे व्हिसा मिळाला का, हे कृपया सांगावे.