सेव्हियात आई-बाबांसोबत चार दिवस: कमी पडतील की जास्त होतील?

सदाशिवपेठी_फ्रँकफुर्ट:
आई-बाबा ऑक्टोबरात माझ्याकडे येतायत. चार दिवस स्पेनला जायचंय. नवऱ्याने एक्सेलमध्ये सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादा असं सगळं कोंबलंय. मला वाटतं एकट्या सेव्हियात निवांत राहावं. आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंसुद्धा खात नाही. मी चुकतेय का?

भटक्या७२:
स्पेनला जाऊन ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा न बघता परत? नवऱ्याचं ऐका.

लिंबूटिंबू:
नवऱ्याचं अजिबात ऐकू नका! मी सासूबाईंना घेऊन फेब्रुवारीत पाच दिवस फक्त सेव्हियात होते.

गुडघ्यांचं म्हणाल तर, कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यात जिना नाहीच जवळजवळ. तो मूळचा मशिदीचा मिनार, १२व्या शतकातला. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत उतरण केली, असं सांगतात. असे ३५ टप्पे आहेत, भिंतीवर आकडे घातलेले. पायऱ्या फक्त अगदी शेवटी. सासूबाई दर आकडा मोठ्याने वाचत चढल्या, २२ला खिडकीपाशी टेकल्या, "तुम्ही व्हा पुढे" म्हणाल्या आणि पाच मिनिटांत आमच्या मागून हजर. तरी आईंना बळजबरी नको, चढ तो चढच.

आल्कासार राजवाड्याची तिकिटं मात्र आधीच ऑनलाइन काढा, वेळ ठरवून मिळतात. तिथे राजवाड्याइतकाच वेळ बागेला द्या. प्लासा दे एस्पान्याला संध्याकाळी जा. १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेला अर्धगोल चौक आहे, प्रत्येक प्रांताचा रंगीत फरशांचा वेगळा कोनाडा. बसायला बाक हवे तेवढे.

आता जेवण. "वेहेतारियाना" एवढंच म्हणून थांबू नका. आम्हाला एकीकडे त्यावर ट्यूना घातलेलं सॅलड आलं. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेवो" (मांस नको, मासे नको, अंडं नको) असं एकेक नाव घेऊन सांगा. साल्मोरेहो हे टोमॅटो-पावाचं गार सूप छान, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरतात. आईंसाठी हुकमी पदार्थ म्हणजे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. पालक, काबुली चणे, लसूण, जिरं! सासूबाई पहिल्या घासाला म्हणाल्या, "अगं, ही आपली पालकाची भाजीच की, नुसती फोडणी विसरलेत." पुढे रोज तेच मागवलं.

आणि रस्त्यावरची संत्री खाऊ नका, कडूजहर असतात. मी सांगितलं होतं, ऐकलं नाही कुणी.

गोंयकार_माद्रिदांत:
जेवणाच्या वेळा सांभाळा. बारा वाजता पोळी-भाजीची सवय असेल तर पंचाईत. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या सुमारास. पिशवीत खाकरा, लाडू असू द्या. दुपारी झोपा आणि संध्याकाळी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या त्रियाना भागात जा. तिथली कुंभारकामाची दुकानं बघायला पैसे पडत नाहीत, बाहेर पडताना पडतात.

सदाशिवपेठी_फ्रँकफुर्ट:
ठरलं, फक्त सेव्हिया. कोर्दोबा हायस्पीड रेल्वेने पाऊण तासावर आहे, नवऱ्याला तिथे एक दिवस एक्सेलसकट एकट्याला पाठवतेय. बाबा विचारतायत, त्याच्याबरोबर गेलं तर चालेल का. @लिंबूटिंबू, दशम्या किती दिवस टिकतील?