रक्तातील मायक्रोआरएनए मोजून कर्करोग ओळखता येतो का?

अनुराधा (कोथरूड)

आमच्या सोसायटीत झालेल्या आरोग्य शिबिरात एक पत्रक वाटले गेले. रक्तातील मायक्रोआरएनए तपासून कोणताही कर्करोग लक्षणे दिसण्यापूर्वीच ओळखता येतो, असा त्यात दावा आहे. सासूबाईंच्या सख्ख्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हापासून त्यांना या आजाराची धास्ती आहे आणि ही महागडी चाचणी करून घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. २०२४ चे नोबेल या विषयाला मिळाल्याचे मी वाचले आहे. परंतु हे रेणू शरीरात नेमके काय करतात आणि आजाराशी त्यांचा संबंध खरोखर सिद्ध झाला आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रोहिणी (पाषाण)

मी रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करते. संबंध सिद्ध झालेला आहे. मात्र त्यावरून पत्रकातील दावा खरा ठरत नाही.

जनुकातील माहितीची नक्कल संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि तिच्या आधारे प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा साधारण २२ अक्षरांचा, म्हणजे रासायनिक घटकांचा, छोटा तुकडा. तो अशा संदेशाच्या शेवटच्या भागाला चिकटतो आणि प्रथिननिर्मिती रोखतो किंवा तो संदेशच नष्ट करवतो. तुम्ही वाचलेले नोबेल ज्यांना मिळाले त्या व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्कून यांनी १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ही यंत्रणा दाखवली, तेव्हा ती त्या कृमीपुरतीच असावी असे बहुतेकांना वाटले. २००० मध्ये रुव्कून यांच्या गटाने लेट-७ हा मायक्रोआरएनए माणसासह अनेक प्राण्यांत असल्याचे दाखवल्यावर चित्र पालटले. मानवी शरीरात असे हजाराहून अधिक रेणू आहेत. त्यांतील एकेक रेणू शेकडो संदेशांवर परिणाम करू शकतो आणि एकाच संदेशावर अनेक रेणूंचा ताबा असू शकतो.

आजाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, सापडले. अनेक रुग्णांच्या पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्याच तुकड्यात मिर-१५ आणि मिर-१६ (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए) यांची जनुके असतात, हे कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले. हे दोन रेणू बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात, आणि ते प्रथिन पेशीला मरू देत नाही. त्यामुळे आवर सुटला की ज्या पेशींनी वेळेवर मरायला हवे त्या जगत राहतात. मिर-९६ मधील एका अक्षराच्या बदलाने काही कुटुंबांत वाढत्या वयाबरोबर बहिरेपण येत असल्याचेही सिद्ध झाले आहे. हिपॅटायटिस सी विषाणूचे वागणे मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण तो यकृतातील मिर-१२२ ला स्वतःच्या आरएनएला चिकटवून घेतो आणि त्याच्याच आधाराने टिकून राहतो.

विकृतिशास्त्रज्ञ (शिवाजीनगर)

रोहिणीताईंनी दिलेली उदाहरणे कारण-परिणामाची आहेत, तर रक्तचाचणी फक्त प्रमाण मोजते. हा फरक रुग्णांना कोणी समजावून सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मिर-२१ पुष्कळ कर्करोगांत वाढतो हे खरे, पण तो दाह आणि अवयवांतील फायब्रोसिस (ऊतक व्रणासारखे कठीण होणे) यांतही वाढतो. तापावरून आजार आहे एवढे कळते, कोणता ते कळत नाही. तशीच ही अवस्था आहे. शिवाय तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ भरपूर असतात, त्यामुळे रक्त काढताना किंवा नमुना नेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात. नमुना किती वेळ ठेवला, कोणत्या नळीत घेतला, तुलनेसाठी कोणता रेणू धरला, यांवरही निकाल अवलंबून असतो.

अपवादही सांगायला हवा. वृषणाच्या जर्म सेल ट्यूमरमध्ये (जननपेशींपासून होणाऱ्या गाठींत) मिर-३७१ ची रक्तचाचणी अभ्यासांत फार चांगली ठरली आहे. टेराटोमा हा प्रकार मात्र तिलाही सापडत नाही. एका ठरावीक आजारासाठी एक ठरावीक रेणू, असे तिचे स्वरूप आहे. सगळे कर्करोग एका नमुन्यात ओळखण्याचा दावा ही निराळीच गोष्ट आहे.

औषधांच्या बाबतीतही घाई झालेली आहे. मिर-३४ ची नक्कल करणाऱ्या औषधाची चाचणी रुग्णांत रोगप्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम दिसल्याने २०१६ मध्ये थांबवावी लागली.

अनुराधा (कोथरूड)

दोघांचेही मनापासून आभार. तरीही, निदान मनःशांतीसाठी चाचणी केली आणि ती सामान्य आली, तर काही उपयोग?

विकृतिशास्त्रज्ञ (शिवाजीनगर)

नाही, उलट मला भीती त्याचीच वाटते. सामान्य अहवाल हातात आला की मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) लांबणीवर पडते, आणि स्तनाच्या कर्करोगासाठी उपयोग सिद्ध झालेली तपासणी तीच आहे.

रोहिणी (पाषाण)

आणखी एक मुद्दा. सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असल्यामुळे सासूबाईंचा धोका इतरांपेक्षा काहीसा अधिक धरला जातो. बहिणीला तो कमी वयात झाला असेल किंवा घराण्यात अंडाशयाचा कर्करोग असेल, तर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांच्या तपासणीबद्दल कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. ही तपासणी रक्तातील रेणूंचे प्रमाण मोजत नाही. ती जन्मतः आलेला जनुकीय बदल शोधते, म्हणून तिचा अर्थ पुष्कळ अधिक नेमका असतो. सासूबाईंच्या त्या बहिणीचा जुना बायोप्सी अहवाल कोणाकडे असल्यास तो तज्ज्ञांकडे जाताना बरोबर न्यावा, आणि निदान झाले तेव्हा त्यांचे वय काय होते हे घरच्यांना आधीच विचारून ठेवावे.