मदत हवी आहे: वडिलांना शिवाजी पार्क दाखवायचंय

नमस्कार मंडळी. दादर-माहीमच्या लोकांनो, जरा मार्गदर्शन करा.

माझे वडील ७९ वर्षांचे. उमेदीच्या काळात नोकरीनिमित्त दादरला राहायचे, नंतर नाशिकला आलो ते कायमचेच. आता एकच धोशा लावलाय, "एकदा कट्ट्यावर बसून यायचंय." १९२५ साली माहीम पार्क म्हणून सुरू झालेलं हे मैदान, त्याला महाराजांचं नाव दोन वर्षांनी मिळालं, हे ते दर भेटीत नव्याने सांगतात (आणि आम्ही नव्याने ऐकतो).

अडचण अशी, की गुडघे दुखतात आणि दमाही आहे. लाल मातीची धूळ खूप उडते असं ऐकलंय. पाणी मारल्यावर ती कधी बसलेली असते, सकाळी की संध्याकाळी? महाराजांचा अश्वारूढ पुतळा, उद्यान गणेश आणि क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचं नवं स्मारक त्यांना बघायचंय. स्मारक ५ नंबर गेटजवळ आहे ना? तिथून बाकीच्या दोन्ही ठिकाणी जायला किती चालावं लागेल? व्हीलचेअर आत नेता येते का, की बाहेरच्या फुटपाथवरूनच फिरवावी?

नेट्समधली मुलं दिसली तर बाबा तासभर हलणार नाहीत, त्यामुळे सावलीतला कट्टा कुठल्या बाजूला मिळेल तेही सांगा. ६ डिसेंबरच्या आसपासची गर्दी टाळून जानेवारीत यायचा विचार आहे. जवळपास स्वच्छ, कमोड असलेलं शौचालय आहे का?

रविवार बरा की मधला वार?